ओहोटीला दिसणारा ज्वालामुखी

रायगडच्या किनाऱ्यावर ज्वालामुखी शोधायला निघालात, तर शंकूच्या आकाराचा डोंगर आणि त्याच्या माथ्यावरचं विवर कुठेच सापडणार नाही. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून वर आला आणि थरावर थर पसरत गेला. झिजून उरलेला त्याचा पसाराच आज सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतो. अशा भेगा आत कशा दिसतात हे पाहायचं, तर मुरूड-जंजिऱ्याकडच्या खडपांवर ओहोटीला उतरावं. पायात चप्पल हवीच. कालवांची धार तळवा सहज कापते.

काळ्या कातळातून मधूनच एखादा पट्टा सुतात धरल्यासारखा सरळ जातो. ही डाइक, म्हणजे भेगेत गोठलेल्या शिलारसाची भित्ती. तिच्या कडेवरून बोट फिरवा. दगड इतका बारीक पोताचा, की कण डोळ्यांना दिसत नाहीत. मध्याकडे सरकावं तसे दाणे जाड होत जातात. तप्त रस थंड कातळाला टेकला तिथे झटकन गोठला, स्फटिकांना वाढायला उसंतच मिळाली नाही. आतला भाग सावकाश निवला. निवताना दगड आकसतो आणि त्याला थंड पृष्ठभागाशी काटकोनात तडे जातात. म्हणून लाव्हाच्या आडव्या थरात दगडी खांब उभे असतात, तर उभ्या भित्तीत ते आडवे पडतात, पडवीत सरपण रचून ठेवावं तसे.

यातल्या बऱ्याच भित्ती साधारण उत्तर-दक्षिण, किनाऱ्याला समांतर धावतात. हा योगायोग नव्हे. रायगड किल्ल्यावरून भोवतालचे कडे न्याहाळले तर लाव्हाचे थर जवळजवळ सपाट दिसतात. किनाऱ्याकडे यावं तसे ते पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला कलतात. या वाकाला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. भूवैज्ञानिक जॉन ऑडेन यांनी पश्चिम भारतातल्या डाइकवरचा आपला महत्त्वाचा निबंध १९४९ साली प्रसिद्ध केला, त्यात या वाकाची चर्चा आहे. (कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांचे हे थोरले बंधू.) मुख्य उद्रेकानंतर काही दशलक्ष वर्षांतच सेशेल्स बेटांचा भूखंड आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून तुटून दूर जाऊ लागला. त्या ओढाताणीत भूकवच ताणलं, वाकलं, भेगाळलं. मुरूडच्या खडपांवर उभं राहणं म्हणजे एका खंडाच्या तुटलेल्या काठावर उभं राहणं, आणि मला हा किनारा जंजिऱ्याइतकाच भव्य वाटतो तो त्यामुळे.

या दगडाला स्मरणही आहे. लाव्हा निवताना त्यातल्या मॅग्नेटाइटच्या कणांत त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा कायमची नोंदली जाते. दख्खनच्या बहुतांश थरांत ती आजच्या उलट आहे. तेव्हा होकायंत्र असतं तर सुईचं उत्तर टोक दक्षिणेकडे वळलं असतं. हीच नोंद तपासून, त्या काळी भारत विषुववृत्ताच्या बराच दक्षिणेला होता हे १९५०च्या दशकात दाखवता आलं. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून १९०४ मध्ये कुलाब्याचं चुंबकीय मापन अलिबागला हलवलं, तेव्हा वेधशाळेच्या भिंतींना दगड मात्र पोरबंदरचा आणावा लागला. इथला काळा दगड स्वतःच चुंबकीय, त्यानं मोजमाप बिघडलं असतं.

पालीजवळच्या उन्हेऱ्याची आणि महाडजवळच्या सावची गरम पाण्याची कुंडं हा ज्वालामुखीचाच उरलेला धगधगाट, असं अनेकांना वाटतं. तो लाव्हा कधीच निवला. पावसाचं पाणी भेगांतून खोल मुरतं, भूगर्भाच्या नेहमीच्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. वज्रेश्वरीपासून राजापूरपर्यंत कोकणातले झरे जवळजवळ एका ओळीत आहेत, ते या भेगांमुळेच.

हरिहरेश्वराला मात्र वेळ काढून जावं. देवळामागच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर पायऱ्या उतरलं की लाटांनी कापून काढलेलं सपाट कातळ लागतं. वरच्या कड्यावर जाळीसारखी भोकं आहेत. तुषारांचं खारं पाणी दगडाच्या छिद्रांत शिरतं, उन्हात आटतं, मिठाचे स्फटिक फुगतात आणि कण न् कण सुटत जातो. या जाळीवर नावं कोरलीत, तर ती पुन्हा घडायची नाही. आणि ही वाट फक्त ओहोटीची. खाली उतरण्याआधी गावात भरतीची वेळ विचारून घ्या, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात आणि पावसाळ्यात तर त्या कातळावर पाऊलच ठेवू नका.