रात्रपाळीची सायकल आणि तिचे दिवे

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढे १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डी या गावांचे रूप पालटले. त्या काळी पाळी सुटल्याचा भोंगा झाला, की कारखान्यांच्या फाटकांतून सायकलींचे लोंढे बाहेर पडत. कालांतराने मोटारसायकली आल्या, कारखान्यांच्या बसगाड्या आल्या आणि औद्योगिक पट्टा इंद्रायणी ओलांडून खेड तालुक्यात चाकणपर्यंत पसरला. तथापि सायकल हद्दपार झालेली नाही. कुरुळी, निघोजे, खराबवाडी यांसारख्या गावांत भाड्याच्या खोल्यांतून राहणारे कंत्राटी कामगार आणि पहारेकरी यांच्यापैकी अनेकांना आजही तिचाच आधार आहे. दुसरी पाळी सुटते ती मध्यरात्रीच्या सुमारास. त्या वेळी पुणे-नाशिक आणि तळेगाव-चाकण रस्त्यांवर मालमोटारींची ये-जा चालूच असते.

अशा रस्त्यावर दिव्यावाचून जाणाऱ्या सायकलस्वाराची स्थिती साध्या हिशेबाने समजू शकेल. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते. चालकाला धोका दिसल्यापासून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद तरी जातो आणि त्यानंतर कोरड्या रस्त्यावर मोटार थांबण्यास आणखी सुमारे २० मीटर लागतात. भरलेल्या मालमोटारीस त्याहूनही अधिक. गडद कपडे घातलेला माणूस मात्र खाली वळविलेल्या दिव्यांच्या प्रकाशात कित्येकदा ३० मीटरांच्या आत येईपर्यंत दिसतच नाही. म्हणजे तो दिसतो तेव्हा वेळ टळून गेलेली असते.

यास्तव दिवा घेताना पहिला विचार मागच्या तांबड्या दिव्याचा करावयास हवा. प्रत्यक्षात घडते ते उलट. पुढचा दिवा स्वतःला उपयोगी पडतो, म्हणून त्यावर पैसे खर्च होतात आणि मागची बाजू मडगार्डावरील पांढऱ्या पट्ट्यावर व तांबड्या काचेवर सोपविली जाते. ही काच, म्हणजेच परावर्तक, स्वतः प्रकाश देत नाही. वाहनाच्या दिव्याचा झोत तिच्यावर पडला तरच ती चमकते, आणि चिखलाने माखली की तेवढेही करीत नाही. १९६८ च्या व्हिएन्ना येथील रस्ते वाहतूकविषयक आंतरराष्ट्रीय करारात सायकलीसाठी मागे तांबडा परावर्तक सांगितला आहेच. त्याखेरीज पुढे पांढरा वा पिवळसर आणि मागे तांबडा प्रकाश दाखविणारी साधनेही सांगितली आहेत. भारत १९८० मध्ये या करारात सहभागी झाला. परावर्तक दिव्याच्या जोडीला हवा, दिव्याच्या जागी नव्हे. पायटांवरील पिवळे परावर्तक मात्र विशेष गुणकारी ठरतात, कारण त्यांच्या वर-खाली होण्यावरून पुढे सायकल चालली आहे हे चालक दुरूनच ओळखतो.

मागचा दिवा लुकलुकणारा असावा की स्थिर, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. लुकलुकणारा दिवा लक्ष चटकन वेधून घेतो, परंतु त्याच्यापासून आपण किती दूर आहोत याचा अंदाज चालकाला नीट बांधता येत नाही. जर्मनीत तर सायकलीच्या दिव्याने लुकलुकण्यास मनाई आहे. अंधाऱ्या रस्त्यावर स्थिर दिवाच बरा. दोन दिवे असतील तर एक स्थिर आणि एक लुकलुकणारा ठेवण्यास हरकत नाही.

पुढच्या दिव्याबाबत दुकानदार लुमेनचा आकडा सांगतात. लुमेन हे दिव्यातून निघणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप. तो प्रकाश रस्त्यावर पडतो की आकाशात, हे त्यावरून कळत नाही. स्वस्त दिव्यांच्या वेष्टनांवरील हजारांचे आकडे तर सौद्यापुरतेच समजावेत. दिवे असलेल्या शहरी रस्त्यावर इतरांना दिसण्यापुरते ५० ते १०० लुमेन पुरतात. खड्डे चुकवीत काळोखातून जावयाचे असल्यास साधारणतः २०० ते ४०० लागतात. त्याहून महत्त्वाचा तो झोताचा आकार. वरची कड स्पष्ट कापलेली असून प्रकाश खाली रस्त्यावर पसरणारा दिवा उत्तम. गोल झोताचा दिवा किंचित खाली झुकवून बसवावा, अन्यथा समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

जुन्या पिढीला चाकावर घासून चालणारा डायनॅमो आठवत असेल. सहा व्होल्ट आणि तीन वॉट एवढीच त्याची शक्ती; तीही सायकल थांबताच संपे, म्हणजे चौकात उभ्या असलेल्या स्वाराला दिवाच नसे. आजचे विजेरीवरील दिवे या दोषापासून मुक्त आहेत, पण त्यांचा दोष निराळा: ते भारित करण्याचे लक्षात ठेवावे लागते. मागचा दिवा विझला तर स्वाराला पत्ताही लागत नाही. निघण्यापूर्वी त्याच्यामागे तळहात धरून पाहावा.

पावसाळ्यासाठी वेष्टनावर ‘आयपीएक्स’ या अक्षरांपुढचा अंक पाहावा. ४ म्हणजे कोणत्याही बाजूने उडणाऱ्या पाण्यापासून बचाव. नित्याच्या वापरास एवढे पुरेसे आहे. चिमट्याने अडकविण्याचा दिवा सायकलतळावरून नाहीसा होण्याची भीती असते. तो काढून खिशात ठेवावा, नाहीतर नटबोल्टने पक्का बसणारा घ्यावा.

शेवटी प्रश्न उरतो तो जागेचा. सीटखाली बसविलेला मागचा दिवा दुकानात छान दिसतो. रस्त्यावर मात्र रेनकोटचा घोळ किंवा कॅरिअरवरील डब्याची पिशवी त्याला पुरता झाकून टाकते. तो कॅरिअरच्या मागच्या टोकाला किंवा मडगार्डावर बसवावा. शाळेत वा ग्रामपंचायतीत सायकलींची तपासणी योजावयाची असल्यास ती दिवेलागणीनंतर ठेवावी आणि स्वार नेहमीच्या कपड्यांत, कॅरिअरवर रोजचा डबा बांधून सायकलीवर बसलेला असताना शंभर पावलांवरून पाहावे.