पाण्याची खातेवही

अँटॉप हिलच्या गोदामात माल ठेवणारा व्यापारी शिल्लक पाहिल्याशिवाय नवा सौदा करीत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारची ग्रामसभा हाच नियम पाण्याला लावते.

पर्जन्यछायेतील या गावातून दुष्काळामुळे अनेक कुटुंबे मजुरीसाठी बाहेर पडत असत. पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गाव सावरू लागले आणि १९९४ मध्ये ते आदर्श गाव योजनेत आले. श्रमदानातून डोंगरउतारांवर समतल चर खोदले गेले. कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली गेली. जनावरे डोंगरावर मोकळी सोडायची नाहीत, गवत मात्र विळ्याने कापून न्यायचे, असे ठरले. चारा वाढला आणि गावाचे रोजचे दूध सुमारे १५० लिटरवरून हजारो लिटरवर गेले.

पावसाळा संपला की उपलब्ध पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो. पहिला हक्क माणसांच्या व गुराढोरांच्या पिण्याच्या पाण्याचा. उरलेल्यावर पिके ठरतात. पाऊस कमी, तर रब्बीचा पेराही कमी. शेतीसाठी कूपनलिका नाही. उसासारख्या तहानलेल्या पिकांना मनाई.

यातील कठीण भाग हिशेबाचा नव्हे, संयमाचा आहे. स्वतःच्या विहिरीत पाणी दिसत असतानाही शेजाऱ्यासाठी हात आवरावा लागतो. परिग्रहपरिमाण हे श्रावकाचे अणुव्रत. हिवरे बाजारात ते साऱ्या गावाने पाण्यापुरते आचरणात आणले आहे. आपल्या खातेवहीतही शेजाऱ्याच्या वाट्याचे एक पान असावे.