चासी नंबर सोडून सगळं

संपादकांना जुन्या जीपच्या वेडावर लेख हवा होता. पगारदार मुलं सुट्टीच्या दिवशी चिखलात गाड्या घालतात, त्यांचे क्लब, त्यांचे फोटो, असं काहीतरी. मी कोल्हापूरला गेले ती त्यासाठीच. पण शिवाजी उद्यमनगरातल्या एका गॅरेजात बाकावर उघडून ठेवलेला ओतीव लोखंडाचा एक डबा पाहिला आणि फोटोवाली मुलं मागे पडली. उचलताना कंबर सांभाळावी लागेल असं वजन, आत दातेरी चाकं, वरून दोन दांडे, तळाशी काळं चिकट तेल. जीपवाले त्याला नुसतं ‘ट्रान्सफर’ म्हणतात. गिअरबॉक्समधून आलेली ताकद फक्त मागच्या चाकांना द्यायची की पुढच्यांनाही, आणि ती आहे तशी द्यायची की वेग मारून जोर वाढवून, हे या डब्यात ठरतं. जुनी जीप घेणाऱ्याचं नशीबही पुष्कळसं त्यातच असतं. उरलेलं आर.सी. बुकात.

कंपनीचा इतिहास सगळीकडे छापलेला आहे, तो थोडक्यात सांगते. दुसऱ्या महायुद्धात विलीज-ओव्हरलँड आणि फोर्ड या अमेरिकी कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. १९४५ साली महिंद्रा बंधूंनी मलिक गुलाम मोहम्मद यांच्या भागीदारीत ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ काढली. फाळणीनंतर हे मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये पाटीवरचं दुसरं नाव बदलून तिथेही महिंद्रा आलं. विलीजचे सुटे भाग आणून जीप जोडायचं काम मुंबईत माझगावला सुरू झालं. विलीजने १९५३ मध्ये सी.जे.-३बी हे मॉडेल काढलं. त्याच्या नव्या एंजिनात आत येणाऱ्या हवेचे व्हॉल्व्ह वर डोक्यात होते, त्यामुळे एंजिन उंच झालं आणि ते झाकायला बॉनेटही उंच करावं लागलं. आपल्याकडच्या जीपचा तो कपाळ मोठं असलेला चेहरा इथून आला. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये थांबलं, महिंद्राने तो चेहरा त्यानंतरही कितीतरी वर्षं चालवला. पुढे पेट्रोल मागे पडलं, एमएम ५४० या मॉडेलात प्यूजोचं डिझेल एंजिन आलं, मग कंपनीचं स्वतःचं अडीच लिटरचं डी.आय. आलं. तहसीलदार, पाटबंधारे, वनखातं, पोलीस, साखर कारखान्याचे शेतकी अधिकारी आणि निवडणुकीतले कर्णे, या सगळ्यांखालून ही गाडी गेली. तिचे लांब भाऊबंद पश्चिम महाराष्ट्रात वडापला, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीला, लागले आणि मागच्या पायरीवर माणसं लोंबकळत नेऊ लागले.

आज बाजारात मिळणारी जुनी जीप यांपैकी कुठल्यातरी आयुष्यातून निवृत्त झालेली असते. कुणी कुठलं आयुष्य काढलंय ते विकणारा सांगत नाही. ते ट्रान्सफर सांगतो.

गॅरेजातल्या मिस्त्रींना सगळे मामा म्हणतात. साठीच्या पुढचे, उजव्या कानाने कमी ऐकणारे. गाडी तपासायला आली की ते आधी बॉनेट उघडत नाहीत. पोतं अंथरून खाली सरकतात आणि ट्रान्सफरच्या मागच्या बाजूचा एक छोटा ड्रम बघतात. हा हँडब्रेकचा ड्रम. आपल्या मोटारींचा हँडब्रेक मागच्या चाकांत असतो. जुन्या विलीज घराण्याच्या जीपमध्ये तो चाकांत नसून ट्रान्सफरमधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टवर बसवलेला असतो, म्हणजे तो चाकांऐवजी थेट प्रॉपेलर शाफ्टला धरतो. कल्पना चांगली आहे, पण त्याच्या अगदी शेजारी ट्रान्सफरचं ऑइल सील आहे. सील झिजलं की तेल ड्रममध्ये उतरतं, लायनिंग भिजतं आणि हँडब्रेक नावापुरता उरतो. विकणारा त्या दिवसापुरती केबल ताणून देतो. गिऱ्हाईक हँडब्रेक ओढून बघतं, लागला म्हणून खूश होतं. ‘ओढून काय बघताय, वाकून बघा की,’ मामा मला म्हणाले, आणि बॅटरीच्या उजेडात तेलाने काळा झालेला ड्रम दाखवला.

दुसरी परीक्षा चालवून. गाडी उताराला लावायची, ‘लो’ टाकायचं, पहिला गिअर, आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढून घ्यायचा. उतारावर चाकं एंजिनला ढकलत असतात, दातांवरचा दाब उलटा होतो. आतली चाकं किंवा वॉशर झिजलेले असतील तर दांडा आपोआप उडून न्यूट्रलला येतो. घाटात हे झालं तर एंजिनचा ब्रेक गेला, आणि हँडब्रेक तर आधीच तेलात बुडालेला. हा दोष सपाट रस्त्यावर सहसा कळत नाही, आणि बहुतेक गिऱ्हाइकं गाडी सपाट रस्त्यावरच चालवून बघतात.

मला गुंतवलं ते या डब्याच्या रचनेने. यात साखळी नाही, इलेक्ट्रॉनिक काही नाही, सगळा व्यवहार दातांचा. मधोमध एक चाक आहे, ते गिअरबॉक्सकडची गती खालच्या शाफ्टवर पोचवतं. ‘लो’मध्ये वेग साधारण अडीच पट कमी होतो आणि जोर तेवढाच वाढतो. मग पहिल्या गिअरात जीप माणसाच्या चालीने दगडावर चढते. जुन्या पद्धतीत दोन दांडे असतात, एक पुढची चाकं जोडायचा आणि दुसरा हाय-लोचा. आत एक बोटाच्या पेरापेक्षा लहान लोखंडी गोळी बसवलेली आहे. पुढची चाकं जोडल्याशिवाय ती ‘लो’ पडू देत नाही. कारण उघड आहे: एवढा वाढवलेला जोर एकट्या मागच्या ॲक्सलवर टाकला तर ॲक्सल मोडेल. चालकाने विचार केला नाही तरी गोळी करते. ज्याला घाई आहे असा मिस्त्री डबा बंद करताना ही गोळी घालायला विसरतो, आणि पुढच्या मालकाला ते फक्त ॲक्सल तुटल्यावर समजतं.

पुढचा आणि मागचा शाफ्ट यांच्यामध्ये डिफरन्शियल नाही. दोन्ही एकाच गतीने फिरतात. वळताना पुढची चाकं मोठ्या कमानीतून जातात, मागची लहान. चिखलात चाक थोडं घसरतं आणि फरक मिटतो. डांबरावर घसरायला जागा नसते, म्हणून पीळ शाफ्टांत आणि दातांत साठत जातो. फोर बाय फोर लावून कुणी डांबरी रस्त्यावर मिरवलं की दांडा आतच अडकून बसतो. लोक मग त्याच्यावर हातोडी चालवतात. मामांचा उपाय साधा: सरळ रेषेत थोडं मागे घ्या, पीळ सुटतो, दांडा बोटाने निघतो.

मधल्या चाकाची गोष्ट सगळ्यात चिवट. ते सुईएवढ्या बारीक रोलरांवर फिरतं, आणि ते रोलर थेट शाफ्टवर लोळतात. म्हणजे शाफ्टचा पृष्ठभाग हाच बेअरिंगचा आतला भाग. गाडी तेलाविना फिरली की शाफ्टवर खड्डे पडतात, मग कुरकुर, मग दांडा उडणं. बाजारात नवा शाफ्ट स्वस्त मिळतो, पण पोलाद मऊ असलं की तो पहिल्याच हंगामात पुन्हा खड्डे घेतो. उद्यमनगरचा फायदा इथे कळतो. लेथवाला पलीकडच्या गल्लीत, हार्डनिंगवाला चालत जाण्याच्या अंतरावर, ग्राइंडिंगवाला त्याच्या शेजारी. ओतकाम आणि यंत्रकाम यांवर वाढलेलं हे गाव सुट्या भागासाठी कंपनीकडे तोंड करून बसत नाही. शाफ्ट डब्याच्या ज्या भोकात बसतो ते भोक सैल झालं की तिथून तेल ठिबकतं. डबा फेकायची गरज नाही. शाफ्टवर लेथने बारीक खाच पाडायची आणि तीत ओ-रिंग बसवायची. मामांनी तेच केलेलं होतं. खाचेच्या कडेला बर राहिली तर ओ-रिंग बसवतानाच कापली जाते, म्हणून त्यांनी पॉलिश पेपरची घडी करून ती कड कितीतरी वेळ घासली. तेवढ्या वेळात दोन मुलं येऊन नव्या टायरांची किंमत विचारून गेली.

ही माझी तक्रार आहे. जीप घेणारे पैसे वरून खाली खर्च करतात. आधी रंग, मग दिव्यांची पट्टी, मग पुढे पोलादी बंपर, मग मोठे टायर. बाहेरून लावलेल्या क्रॅश गार्डवर तर केंद्राने २०१७ च्या अखेरीस कारवाई करायला सांगितलं होतं, तरी तो आधी लागतो. मोठे टायर लावले की चाक फिरवायला जास्त जोर लागतो, तो भार पुन्हा त्याच शाफ्टवर, त्याच ॲक्सलवर आणि त्याच ड्रम ब्रेकवर येतो. ओढ्यातून बाहेर आलं की ड्रममध्ये पाणी असतं आणि पुढची काही वळणं ब्रेक लागतच नाही, डाव्या पायाने हलका दाबून तो आधी सुकवावा लागतो. हे शिकवायला कुणी व्हिडिओ काढत नाही.

यंत्राची बाजू इथवर. ती सगळी पैसे, लेथ आणि वेळ यांनी सुटते. जीपमध्ये बदलता येत नाही अशी गोष्ट फार कमी. पत्रा नवा बनतो, एंजिन दुसरं बसतं, पाटे गुंडाळून मिळतात, गिअरबॉक्स भंगारात सापडतो. बदलता येत नाही तो चासीवर ठोकलेला नंबर. म्हणूनच या धंद्यातली सगळी लबाडी त्याच्याभोवती आहे.

हरियाणातलं मंडी डबवाली हे गाव जुन्या जीप नव्याने बांधून देण्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे. तिथला पत्राकाम करणारा हात कुणालाही हेवा वाटावा असा. लष्कराच्या विलीजसारखी बुटक्या बॉनेटची जीप हवी? नवा पत्रा कापून ठोकून तयार. खाली चासी कुठली, एंजिन कुठलं, कागद कुणाचे, हे तीन वेगळे प्रश्न असतात आणि त्यांची उत्तरं तीन वेगळ्या गाड्यांत असू शकतात. फोटोत दिसणारी १९४०च्या सुमाराची जीप आर.सी.वर १९९०च्या दशकातली एमएम ५४० निघते. निरुपद्रवी वाटतं. पण जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सांगितलं की उत्पादकाने दिलेल्या मूळ रचनेत मालकाला आपल्या मनाने फेरबदल करता येत नाहीत. रंग किंवा किरकोळ बदल चालतील, सांगाडा आणि मूळ घडण नाही. एंजिन बदलायचं तरी परवानगी आणि नोंद हवी. मला हा निकाल पटतो. घरी वेल्डिंग केलेल्या रोल केजला डोकं आपटून मरणारा माणूस स्वतःच्याच गाडीतला असेल असं नाही. पण त्याच कायद्याखाली दुसऱ्या जीपचं त्याच जातीचं एंजिन बसवून नोंद न केलेला सरळ शेतकरीही अडकतो, आणि पासिंगच्या खिडकीवर दोघांत फरक केला जात नाही.

पासिंगचा खर्चही आता मनात धरावा लागतो. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, नंतर दर पाच वर्षांनी तपासणी आणि नूतनीकरण. चारचाकीसाठी पूर्वी सहाशे रुपये लागत, एप्रिल २०२२ मध्ये ते पाच हजार केले गेले. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर वेगळा. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीचे आदेश निघाले तेव्हापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या. त्या घेताना तिथल्या कार्यालयाची एन.ओ.सी. हातात आल्याशिवाय पैसे देणं म्हणजे पत्रा विकत घेणं.

पन्नास वर्षांवरच्या गाडीला विंटेज नोंदणीचा रस्ता आहे, असं पुष्कळ जण आशेने सांगतात. जुलै २०२१ मध्ये तसे नियम आले खरे. गाडी मूळ रूपात हवी, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, नंबरात व्ही.ए. ही अक्षरं. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठी ती रस्त्यावर आणायची. म्हणजे जी गाडी दगडावर चढायला बनली तिला कायदेशीर राहायचं तर मैदानात उभी करायची. भुईबावडा घाट उतरून कोकणात जायचं स्वप्न बघणाऱ्याला त्याचा उपयोग नाही. आणि घाटाच्या डावी-उजवीकडचं रान वनखात्याचं आहे, तिथे चाक घालणं गुन्हा आहे, गाडी कितीही जुनी असली तरी. राहता राहिली खासगी जमीन आणि मालकाची परवानगी. ही माहिती जीप घेणाऱ्याला जीप घेतल्यानंतर होते.

नंबर गंजून जाणं हा आणखी एक पेच. चिखल चासीच्या पोकळीत साठून राहतो आणि पत्रा आतून खातो. अक्षर पुसट झालं तर आर.टी.ओ.च्या परवानगीने नंबर पुन्हा ठोकून घेता येतो आणि त्याची नोंद होते. नोंद नसताना नवा ठोकलेला दिसला की ती गाडी चोरीची समजली जाते, आणि ते समजणं चूक म्हणता येत नाही.

मी गॅरेजात असताना एक मुलगा आला होता. इचलकरंजीचा, सूतगिरणीत सुपरवायझर. मोबाइलवर डबवालीच्या जीपचे फोटो, चकचकीत ऑलिव्ह हिरवा रंग, पाठीला जेरीकॅन. ‘मामा, ट्रान्सफर उघडायला किती घ्याल?’ मामांनी फोटो नीट बघितलाही नाही. ‘नंबरचा ठसा मागव. पेन्सिलीचा.’ कागद चासीवर धरून वरून पेन्सिल घासायची, अक्षरं उमटतात. पासिंगला हाच ठसा लागतो. आर.सी.वरच्या अक्षरांशी तो ताडायचा, आणि अक्षरांची उंची, अंतर आणि वळण सारखं आहे का तेही बघायचं, कारण कारखान्याचा ठोका एका रांगेत असतो. मग गाडी चोरीच्या नोंदीत आहे का आणि तिच्यावर बँकेचा बोजा आहे का ते तपासायचं.

मुलगा बाहेर जाऊन फोनवर बोलून आला. विकणाऱ्याचं म्हणणं, आधी टोकन पाठवा, ठसा नंतर देतो.

‘मग ट्रान्सफर कशाला उघडायचा?’ मामा म्हणाले आणि ओ-रिंगला तेल लावू लागले.