कंपवाताची गोळी आणि घरचा हिशेब

रोजकीर्दीत एका पैशाचा फरक राहिला, तर तो सापडेपर्यंत व्यापाऱ्याच्या पेढीवरील दिवा मालवत नाही. परंतु त्याच घरातील वडीलधाऱ्यांनी सकाळची गोळी घेतली की नाही, घेतली ती जेवणापूर्वी की नंतर, आणि सहा महिन्यांपूर्वी तिची मात्रा किती होती, असे विचारले असता बहुधा कोणालाच निश्चित उत्तर देता येत नाही. कंपवात आणि पायांची रात्रीची अस्वस्थता या दोन विकारांवरील औषधांच्या बाबतीत ही बेपर्वाई फार महाग पडते. ती कशी, हेच आम्ही सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

कंपवाताचे पद्धतशीर वर्णन लंडनचे वैद्य जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली केले. हात कापणे, अंग ताठरणे, चाल मंदावणे, वहीतील अक्षर दिवसेंदिवस बारीक होत जाणे, ही त्याची लक्षणे होत. मेंदूत डोपामिन नावाचे द्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी कमी होत गेल्यामुळे हे घडते. दुसऱ्या विकारात रात्री अंथरुणावर पडताच पोटऱ्यांत वळवळ आणि ओढ सुरू होते, व उठून चार पावले टाकल्यावाचून चैन पडत नाही. एक विकार जडला म्हणजे दुसरा जडतोच असे नव्हे. परंतु दोहोंवर एकाच घराण्यातील काही औषधे वापरली जातात, म्हणून त्यांचा विचार एकत्र केला आहे.

ही औषधे मुख्यतः दोन प्रकारची आहेत. पहिले लेव्होडोपा. मेंदूत पोचल्यावर त्याचे डोपामिन होते, आणि वाटेतच ते खर्ची पडू नये म्हणून त्याच्या जोडीस बहुधा कार्बिडोपा असते. दुसऱ्या प्रकारात प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल ही औषधे येतात; ती स्वतः डोपामिन नसून डोपामिनचे सोंग घेऊन मेंदूत त्याचे काम करतात. या औषधांनी असंख्य रुग्णांना पुन्हा चालते-फिरते केले आहे. तेव्हा त्यांना भ्यावयाचे कारण नाही. जपावयाचे मात्र आहे.

सर्वांत अधिक जपावयाचे ते या दुसऱ्या प्रकारातील औषधांच्या एका विलक्षण परिणामाला. आमच्या स्नेह्यांपैकी एका वयोवृद्ध गृहस्थांनी जन्मात कधी पत्त्यांना हात लावला नव्हता. गोळी सुरू होऊन काही महिने लोटले आणि ते चोरून आकडा लावू लागले. तीन वर्षांत खपणार नाही एवढा माल त्यांनी एका हंगामात मागविला. घरच्यांनी प्रथम त्यास म्हाताऱ्याचा हट्ट म्हटले; पुढे घरात भांडणे झाली, मुले बापाशी बोलेनाशी झाली. या सगळ्याशी गोळीचा संबंध असेल असे कोणाच्या स्वप्नीही आले नाही. शेवटी सुनेने धीर करून डॉक्टरांच्या कानी ही गोष्ट घातली. डॉक्टरांनी मात्रा हळूहळू उतरविली आणि त्या गृहस्थांचा मूळचा विवेक परत आला. कर्ज मात्र फेडावे लागलेच. आणि मुलांनी उच्चारलेले शब्द परत घेता आले नाहीत, याची खंत त्या घरात अजून आहे.

ही एकट्या घरची कथा नव्हे. अमेरिका व कॅनडा येथील ३,०९० कंपवातग्रस्तांची एक पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. तीत या दुसऱ्या प्रकारची औषधे घेणाऱ्यांपैकी शेकडा सुमारे १७ जणांत जुगार, अनावर खरेदी, खादाडपणा किंवा कामवासनेचा अतिरेक यांपैकी एखादी तरी गोष्ट आढळली. ती औषधे न घेणाऱ्यांत हे प्रमाण शेकडा ७ च्या आसपास होते. फ्रान्समध्ये अशाच एका रुग्णाने औषध कंपनीवर दावा लावला, आणि नांत येथील न्यायालयाने २०११ साली त्यास भरपाई देवविली. पायांच्या अस्वस्थतेसाठी हीच औषधे अल्प मात्रेत घेणाऱ्यांनाही हा धोका आहे. मेंदूतील हव्यासाला आवर घालणारा लगाम औषधाने सैल होतो. तो त्या माणसाचा स्वभावदोष नव्हे. रुग्णास स्वतःस हा बदल अनेकदा जाणवत नाही, जाणवला तरी लाजेपोटी तो बोलत नाही. म्हणून गोळी सुरू होताच घरातील एका जाणत्या माणसास ही गोष्ट सांगून ठेवावी, आणि तिजोरी व बँकेचे व्यवहार काही काळ दोघांच्या संमतीने चालवावेत. शंका येताच रागावू नये, डॉक्टरांकडे जावे.

परंतु घाबरून गोळी एकदम बंद करणे हा दुसरा, आणि त्याहून भयंकर प्रमाद होय. कंपवाताचे औषध अकस्मात थांबले तर अंग लाकडासारखे ताठरणे, तीव्र ज्वर चढणे, शुद्ध हरपणे असे प्रकार होऊन प्राणावर बेतू शकते. मात्रा वाढवावयाची ती डॉक्टरांनी, उतरवावयाची तीही डॉक्टरांनीच, आणि पायरीपायरीने. शिखरजीला वा श्रवणबेळगोळला यात्रेस निघताना पुरून उरेल एवढे औषध जवळच्या पिशवीत असावे. गाडीत टाकलेल्या मोठ्या पेटीत ते ठेवू नये.

येथे उपवासाचा प्रश्न येतो. पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात निर्जल उपवास करावयाचा असेल, तर तो ठरविण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. या औषधांनी उभे राहताच रक्तदाब उतरण्याची प्रवृत्ती असते; पोटात पाणी नसेल तर भोवळ येऊन पडण्याचा संभव वाढतो. लेव्होडोपाचे शोषण डाळ, दूध, पनीर यांतील प्रथिनांमुळे मंदावते, म्हणून ते बहुधा जेवणापूर्वी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घ्यावे असे सांगतात. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घराने संध्याकाळचे वेळापत्रक त्याप्रमाणे आखून घ्यावे. पायांच्या विकारावरील प्रामिपेक्सोल झोपेच्या दोन-तीन तास आधी घेतात. रात्री नऊच्या सुमारास निजणाऱ्यास चौविहार सांभाळूनही ती वेळ बहुधा साधता येते. रात्रीची मात्रा टाळता येण्याजोगी नसेल, तर आपला नियम डॉक्टरांना आणि आपली व्याधी गुरुजनांना मोकळेपणाने सांगावी. मनाशीच ठरवून गोळी चुकवू नये.

काही औषधे या औषधांशी वैर धरतात. ओकारीवरील मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन, तसेच चक्कर येण्यावरील सिनारिझिन व फ्लुनारिझिन यांनी कंपवात बळावतो. मेटोक्लोप्रामाइड आणि सर्दीच्या झोप आणणाऱ्या गोळ्या यांनी पायांची वळवळ वाढू शकते. लोहाची गोळी लेव्होडोपापासून किमान दोन तास दूर ठेवावी. खाजकुहिलीचे, म्हणजेच कवचबीजाचे चूर्ण आपल्याकडे पुष्कळजण घेतात. दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय संशोधकांनी १९३७ साली त्या बियांतूनच लेव्होडोपा वेगळे काढले होते. म्हणजे गोळीबरोबर हे चूर्ण गुपचूप घेणे म्हणजे एकच माल दोनदा खाती चढविणे होय. कलघटगीतील दुकानातून साधी गोळी घेतानाही, हुबळी-धारवाडच्या तज्ज्ञांनी दिलेली चिठ्ठी दाखवूनच घ्यावी.

पायांच्या विकाराविषयी आणखी एक इशारा. डोपामिनची नक्कल करणारी औषधे आरंभी मोठा आराम देतात. पण काही वर्षांनी तीच वळवळ रात्रीऐवजी दुपारीच सुरू होते, हातांपर्यंतही पसरते. अशा वेळी गोळी वाढविली तर आगीत तेल पडते. २०२५ साली अमेरिकेतील निद्राविकारतज्ज्ञांच्या संस्थेने ही औषधे नेहमीची पहिली निवड म्हणून वापरू नयेत असे सुचविले. आधी रक्तातील लोहाचा साठा तपासून घ्यावा. तो कमी असेल तर तो भरून काढल्याने अनेकांना उतार पडतो.

प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल घेणाऱ्यांना दिवसा अचानक गाढ झोपही लागू शकते. असा अनुभव एकदा जरी आला, तरी डॉक्टरांना विचारीपर्यंत हुबळी रस्त्यावर गाडी स्वतः चालवू नये.

हे सारे लक्षात ठेवण्याचा मार्ग व्यापाऱ्यास नवा नाही. एक लहान वही करावी. तीत औषधाचे नाव, मात्रा, वेळ, जेवणाची वेळ आणि 'आज काय वेगळे वाटले' असे पाच रकाने आखावेत. शेवटचा रकाना रुग्णाने नव्हे, तर घरच्या माणसाने भरावा; कारण लगाम सैल झालेला प्रथम त्यालाच दिसतो. डॉक्टरांकडे जाताना ती वही बरोबर न्यावी. आमच्या स्नेह्यांच्या घरी अशी वही असती, तर आकड्याची पहिली चिठ्ठी तीत कधीच उमटली असती, आणि बापलेकांत दुरावा येण्यापूर्वी सर्वांना खरे कारण उमगले असते.