टाचेमागच्या शिरेला भार हवा

तिसऱ्या श्रावणी सोमवारची ब्रह्मगिरी फेरी झाली, की माझ्याकडे फिजिओथेरपीला टाच धरून येणारे वाढतात. एरवी गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर सपाटीला फिरणारा माणूस त्र्यंबकेश्वरला वीसेक किलोमीटर चिखल-दगडांतून अनवाणी चालून येतो. दुसऱ्या दिवशी पलंगावरून उतरताच टाचेच्या मागे, दोन-तीन बोटं वर, कळ येते. मग घरचे सांगतात, पडून राहा. शेजारचे सांगतात, पोटरी ताण. त्याने तात्पुरतं बरं वाटतं, पण शीर बळकट होत नाही.

ही शीर म्हणजे अकिलीस टेंडन, शरीरातली सर्वांत जाड. पळताना तिच्यावर वजनाच्या सहा-आठ पट ओढ येते. पोटरीचे दोन मोठे स्नायू तिला जोडलेले. वरचा गुडघ्याच्या वरून निघतो आणि गुडघा सरळ असताना जास्त राबतो. आतला सोलियस गुडघ्याखालून निघतो, गुडघा वाकवला की भार त्याच्यावर जातो. म्हणून टाचा उचलण्याचा व्यायाम मी दोन्ही तऱ्हांनी करून घेते.

स्वीडनचे डॉ. हाकन आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये दुखऱ्या टाचेच्या १५ धावपटूंना पायरीच्या कडेवर उभं केलं. चांगल्या पायाने वर जायचं, दुखऱ्या पायावर सावकाश खाली उतरायचं. दिवसातून दोनदा, १२ आठवडे, दुखलं तरी. सगळे पुन्हा पळू लागले. २०१५ मध्ये डेन्मार्कमध्ये त्याची तुलना जड वजनाच्या संथ व्यायामाशी झाली: तीन सेकंदांत वर, तीन सेकंदांत खाली, आठवड्यातून फक्त तीनदा. गुण सारखाच आला. माझा कल या दुसऱ्या पद्धतीकडे आहे, कारण नोकरी-संसार सांभाळून माणसं ती निभावतात.

मात्र वजन हलकं ठेवून भागत नाही. २००७ च्या एका जर्मन प्रयोगात त्याच माणसांच्या एका पायाला जास्त ताण दिला, दुसऱ्याला कमी. १४ आठवड्यांनी जास्त ताणाच्याच पायाची शीर घट्ट झाली. दोरीवरच्या उड्या आणि वेगाने पळणं मी शेवटी ठेवते. दुखणं टाचेच्या हाडालगत असेल, तर टाच पायरीखाली सोडू नका. तिथे शीर हाडावर दाबली जाते.

या शिरेचा गाभा बहुतांशी सतराव्या वर्षापर्यंतच घडतो, असं डॅनिश संशोधकांना आढळलं आहे. हरसूलकडच्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं, तेव्हापासून मला वाटतं, डोंगरवाटा तुडवत वाढलेल्या पायांना काहीतरी लवकरच मिळालेलं असतं. आपल्या शहरातल्या मुलांना म्हणूनच मैदान हवं, रोज हवं.

फेरीला जायचंय? मग तीन महिने आधी टाचा उचलायला लागा. आणि चालताना मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटून चवड्यावर उभंच राहता येईना, तर मालीश करत बसू नका. शीर तुटली असू शकते, त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.