शत्रूचे दान, मावळची आज्ञा

इजिप्तचा बलाढ्य फिरऔन दुसरा रामसेस याने आधीच्या राजांच्या कित्येक पुतळ्यांवर आपले नाव कोरून घेतले. गादीवर आले की मागच्याचे नाव पुसायचे, ही राजांची जुनी खोड. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीही तिला अपवाद नव्हता. क्षत्रप नहपानाच्या चांदीच्या नाण्यांवर त्याने स्वतःचे शिक्के मारले. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला सापडलेल्या १३ हजारांहून अधिक नाण्यांपैकी ९ हजारांवर नाण्यांवर ते दिसतात.

लोणावळ्याजवळ कार्ल्याच्या चैत्यगृहावर मात्र वेगळी नोंद आहे. नहपानाचा जावई उषवदात याने वळुरक लेण्यांत वर्षावास करणाऱ्या भिक्षूंसाठी करजिक गाव दिल्याचा लेख तिथे आहे. तिथल्याच दुसऱ्या लेखात मामाडच्या, म्हणजे मावळच्या अमात्याला राजाज्ञा आहे: करजिक गाव वळुरकच्या भिक्षूंना द्यावे. राजाच्या नावाचा भाग झिजला आहे. अभ्यासक ही आज्ञा गौतमीपुत्राची मानतात.

दान शत्रूच्या घरचे, घेणारे बौद्ध आणि राजा, आई बलश्रीच्या नाशिक लेखानुसार, अद्वितीय ब्राह्मण. तरी नाण्यांवरचे नाव बदलले, भिक्षूंचा घास हिरावला गेला नाही. शत्रूचा लेखही छिन्नीने उडवला गेला नाही.

एकवीरेचे देऊळ या चैत्यगृहाला लागूनच आहे. दर्शनाला जाणाऱ्यांनी घटकाभर थांबून ते दगड पाहावेत. सुमारे १९०० वर्षांपूर्वी मावळचे नाव तिथे कोरले गेले, ते दुसऱ्या धर्माच्या माणसांचा हक्क राखताना.