पाण्याचा साचा, पूर्वजांचा कणा

मासळी बाजारात अख्खा कुपा दिसला, तर त्याच्या शेपटीचा देठ जरा निरखून पाहावा. वरून-खालून चपटा, दोन्ही अंगांना कठीण कड आणि तिच्या मागे चंद्रकोरीसारखी उभी शेपटी. ही शेपटी डावी-उजवीकडे चालते, तेव्हा पाणी कापणारी धार देठाच्या बाजूंनाच हवी. कोकण किनाऱ्यालगत दिसणाऱ्या डॉल्फिनचा देठ नेमका उलट घडलेला असतो. तो बाजूंनी दाबलेला, धारा वर आणि खाली. कारण त्याची शेपटी आडवी असते आणि वर-खाली हलते. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट. त्यातून वेगाने जायचे तर मध्ये भरीव, मागे निमुळते अंग लागतेच. हा साचा पाण्याचा. पण फटका कोणत्या दिशेने मारायचा, हे पाणी सांगत नाही. ते पूर्वजांच्या कण्याने ठरवले, असे माझे म्हणणे आहे.

याचा पुरावा आपल्या शेजारी कच्छात आहे. तिथल्या खडकांतील प्राचीन देवमाशांचे अवशेष अशोक साहनी आणि व्ही. पी. मिश्र यांनी १९७५ साली प्रसिद्ध केले. पुढे २००० साली सुनील बाजपेयी आणि हान्स थेविसन यांनी तिथल्याच आणखी एका प्राचीन देवमाशाला कच्छिसेटस हे नाव दिले. आखूड पाय, लांब दणकट शेपूट. पाणमांजराची आठवण यावी असा बांधा. देवमाशांचे पूर्वज जमिनीवर चालणारे खुरवाले सस्तन प्राणी होते. असे प्राणी दौडताना कणा वर-खाली वाकवतात. पाण्यात उतरल्यावर तीच हालचाल पायांकडून शेपटीकडे सरकत गेली. शेपटीच्या पंख्यात मधल्या मणक्यांखेरीज हाड नसते, त्यामुळे जीवाश्मात पंखा सहसा उरत नाही. तो ओळखावा लागतो मणक्यांच्या आकारावरून.

यावर कोणी म्हणेल, श्वासासाठी पृष्ठभागावर यावे लागते, म्हणून वर-खालीच सोयीचे. पण मग इक्थिओसॉरचे काय? डायनोसॉरांच्या काळातले हे सागरी सरपटणारे प्राणीही हवेतच श्वास घेत, अंगलटीने डॉल्फिनसारखे होते, तरी त्यांची शेपटी उभी होती. सरडा किंवा मगर चालताना पाहिली की कारण कळते: त्या कुळाचा कणा बाजूंना वळतो. दुसरा आक्षेप जास्त अडचणीचा आहे. सील सस्तन असूनही मागचे अंग डावी-उजवीकडे फिरवतो. तेव्हा वारशाला हुकूम म्हणता येणार नाही, भांडवल म्हणावे. सीलने शेपटी वापरलीच नाही, ती खुंटलेली आहे. पाणी ढकलतात ते मागे वळलेले, तळवे समोरासमोर आलेले पाय. अशा उभ्या वल्ह्यांना बाजूचाच फटका शोभतो. त्याच्याच नात्यातल्या सी लायनने तर मागचे पाय जमिनीवर चालण्यासाठी राखले आणि पोहण्याचे काम पुढच्या पायांवर सोपवले.